व्यवसाय सर्वेक्षणे आणि अल्पकालीन आर्थिक अंदाज : एक ऐतिहासिक आढावा

गोषवारा

उत्पादन, रोजगार व राष्ट्रीय उत्पन्न यांची अधिकृत आकडेवारी हाती येईपर्यंत आर्थिक परिस्थिती पुष्कळदा बदललेली असते. हे अंतर भरून काढण्यासाठी उद्योजकांनाच थेट प्रश्न विचारण्याची पद्धत विसाव्या शतकात विकसित झाली. अमेरिकेतील प्रारंभिक प्रयत्न, १९४९ पासूनचा म्युनिकचा प्रयोग, युरोप व जपानमधील त्याचा विस्तार आणि १९९१ नंतरचा भारतीय अनुभव यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. व्यवसाय सर्वेक्षणाचे खरे सामर्थ्य भविष्य वर्तविण्यात नसून वर्तमान लवकर ओळखण्यात आहे, आणि हे सामर्थ्य ज्यांना प्रश्न विचारले जातात त्यांच्यापुरतेच मर्यादित असते, असे मत येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : व्यवसाय सर्वेक्षण, व्यापारचक्र, निव्वळ प्रतिसाद, विसरण निर्देशांक, अपेक्षा, असंघटित क्षेत्र.

१. प्रस्तावना

बाजारपेठेत दोन व्यापारी भेटले की क्षेमकुशलानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘काय, धंदा कसा काय?’’ उत्तरही बहुधा तीन प्रकारांपैकी एक असते. बरा आहे, ठीक चालले आहे, किंवा मंदी आहे. या उत्तरात एकही आकडा नसतो. तरीही विचारणारा त्यातून काही बोध घेतो आणि आपल्या खरेदीचा, साठ्याचा किंवा उधारीचा निर्णय काही अंशी त्यावर बेततो. अर्थशास्त्रात ज्यास ‘व्यवसाय सर्वेक्षण’ म्हणतात त्याचे मूळ या साध्या व्यवहारातच आहे. फरक इतकाच की, येथे तोच प्रश्न शेकडो वा हजारो उद्योगसंस्थांना, ठरावीक दिवशी, ठरावीक शब्दांत आणि वर्षानुवर्षे न चुकता विचारला जातो.

अशा सर्वेक्षणाची गरज का भासावी? भारतात तिमाही स्थूल देशांतर्गत उत्पादनाचे अंदाज ती तिमाही संपल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी प्रसिद्ध होतात. औद्योगिक उत्पादन निर्देशांक अनेक वर्षे सुमारे सहा आठवड्यांच्या विलंबाने येत असे. २०२५ पासून हा कालावधी कमी करण्यात आला. शिवाय प्रथम प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत पुढे सुधारणा होतात. व्याजदर ठरविणारी मध्यवर्ती बँक, अंदाजपत्रक आखणारे शासन आणि कच्च्या मालाची मागणी नोंदविणारा कारखानदार यांपैकी कोणालाही इतका काळ थांबणे परवडत नाही. आकडे मागे राहतात आणि निर्णय पुढे धावतात. या दोहोंमधील दरी सांधण्याचे काम व्यवसाय सर्वेक्षणांनी केले, अशी त्यांच्या पुरस्कर्त्यांची भूमिका आहे. ही भूमिका इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) व्यवसाय सर्वेक्षण पद्धतीचा उगम व विकास समजून घेणे.
(आ) गुणात्मक उत्तरांचे अंकांत रूपांतर करण्याच्या रीतीचा परिचय करून देणे.
(इ) या पद्धतीच्या यशापयशाचे निवडक प्रसंगांच्या आधारे मूल्यमापन करणे.
(ई) भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील लघुउद्योगांच्या संदर्भात तिच्या मर्यादा तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

३. पूर्वपीठिका : वक्ररेषांकडून प्रश्नावलीकडे

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत आर्थिक भाकिताला शास्त्राचे रूप देण्याचे मोठे प्रयत्न झाले. हार्वर्ड विद्यापीठात वॉरन पर्सन्स यांनी १९१९ पासून ‘आर्थिक वायुभारमापक’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत मांडली. तीत सट्टाबाजार, व्यापार आणि नाणेबाजार यांच्या तीन वक्ररेषा एका आलेखावर काढलेल्या असत. पहिली रेषा वळली की काही महिन्यांनी दुसरी वळेल आणि त्यानंतर तिसरी, असे गृहीत धरलेले होते. या पद्धतीचा दबदबा युरोपातही पोहोचला. तथापि १९२९ च्या शेअरबाजार कोसळण्यानंतरही हार्वर्डच्या संस्थेने १९२०-२१ सारखी तीव्र मंदी संभवत नाही, असा निर्वाळा दिला. प्रत्यक्षात आलेली महामंदी त्याहून कितीतरी भीषण ठरली. १९३१ मध्ये ही संस्थाच बंद करण्यात आली.

जर्मनीत अर्न्स्ट वागेमान यांनी १९२५ मध्ये बर्लिन येथे व्यापारचक्र संशोधन संस्था स्थापन केली. एकाच रेषेवर विसंबण्याऐवजी अनेक निर्देशकांचा एकत्रित विचार करावा, असा तिचा दृष्टिकोन होता. पण येथेही अभ्यासक आकडेवारीकडे बाहेरूनच पाहत होता. उद्योजकाला स्वतःला काय वाटते, तो काय करू इच्छितो, हा प्रश्न अद्याप दुय्यमच होता.

हा प्रश्न प्रथम व्यवस्थितपणे विचारला गेला तो रेल्वेच्या निमित्ताने. अमेरिकेतील मालवाहतूकदारांच्या प्रादेशिक सल्लागार मंडळांनी १९२७ पासून दर तिमाहीला आपल्या सदस्यांकडून पुढील तिमाहीत किती वाघिणी माल पाठविला जाईल याचे अंदाज गोळा करण्यास आरंभ केला. हेतू व्यावहारिक होता. वाघिणी योग्य जागी वेळेवर उपलब्ध असाव्यात. पुढे रॉबर्ट फर्बर यांनी १९५३ मध्ये या अंदाजांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा त्यांची अचूकता निराशाजनक असल्याचे दिसून आले. विशेषतः तेजीचे मंदीत वा मंदीचे तेजीत रूपांतर होत असताना, म्हणजे अंदाजाची सर्वाधिक गरज असताना, ते चुकत. यातून एक महत्त्वाचा धडा मिळाला. उद्योजकाला पुढच्या तीन महिन्यांचा नेमका आकडा विचारला तर तो आकडा देतो खरा, पण तो आकडा विश्वासार्ह असतोच असे नाही.

याच सुमारास दुसरा, अधिक नम्र प्रयोग सुरू झाला. अमेरिकेतील खरेदी अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९३१ पासून आपल्या सदस्यांना दरमहा प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. येथे आकडा मागितलेला नव्हता. मागील महिन्याच्या तुलनेत नव्या मागण्या वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या, एवढेच विचारले जाई. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे चार वर्षांचा खंड वगळता हे सर्वेक्षण अखंड चालू आहे. खरेदी अधिकाऱ्याची निवडही अर्थपूर्ण होती. कारखान्यात उत्पादन वाढण्यापूर्वी कच्चा माल मागवावा लागतो. म्हणून बदलाची पहिली चाहूल त्याच्या टेबलावर लागते.

४. म्युनिकचा प्रयोग

व्यवसाय सर्वेक्षणास सैद्धान्तिक अधिष्ठान आणि आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा मिळाली ती मात्र युद्धोत्तर जर्मनीत. जानेवारी १९४९ मध्ये म्युनिक येथे ‘इफो’ ही संशोधनसंस्था दोन पूर्वसंस्थांच्या विलीनीकरणातून स्थापन झाली. ‘माहिती’ आणि ‘संशोधन’ या अर्थांच्या जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने उद्योगसंस्थांचे मासिक सर्वेक्षण सुरू केले.

हा प्रयोग तेथे व तेव्हाच का झाला, हे समजून घेणे आवश्यक आहे. देश विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यातील विभागांत वाटला गेला होता. जून १९४८ च्या चलनसुधारणेने जुन्या किमतींशी तुलना करणे अवघड झाले होते. सांख्यिकीय यंत्रणा विस्कळीत होती. अशा वेळी ज्याच्याकडे माहिती आहे त्यालाच विचारणे हा केवळ सोयीचा नव्हे, तर जवळजवळ एकमेव मार्ग होता. म्हणजेच ही पद्धत आकडेवारीच्या समृद्धीतून नव्हे, तर तिच्या दुष्काळातून जन्माला आली. भारतासारख्या देशातील अभ्यासकाने ही बाब विशेष लक्षात घ्यावी.

सर्वेक्षणाची रचना साधी होती. उत्पादन, मागणी, साठा, किमती यांविषयी प्रश्न आणि प्रत्येकासमोर तीन पर्याय. कारखानदाराला हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागत नसत; प्रश्नावली थोडक्या वेळात भरून होई. उत्तरे गोपनीय राखली जात. प्रश्नावली भरणाऱ्यास मोबदला मिळत नसे. परंतु त्याच्या उद्योगशाखेचे एकत्रित निष्कर्ष त्यास पाठविले जात. आपल्या स्पर्धकांची परिस्थिती आपल्यासारखीच आहे की वेगळी, हे कळणे कारखानदाराच्या दृष्टीने मोलाचे होते. माहिती द्या आणि माहिती घ्या, या परस्परतेवर ही व्यवस्था उभी राहिली. सक्ती नसताना ती पाऊणशे वर्षे टिकली, याचे रहस्य सांख्यिकीय सूत्रात कमी आणि या परस्परविश्वासात अधिक आहे, असे म्हणावे लागेल.

५. उत्तरांचे अंकांत रूपांतर

‘वाढले’, ‘तेवढेच’, ‘घटले’ या शब्दांचा निर्देशांक कसा बनतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, १०० कारखान्यांपैकी ४२ जणांनी मागणी वाढल्याचे, ४० जणांनी तेवढीच राहिल्याचे आणि १८ जणांनी घटल्याचे कळविले. वाढ सांगणाऱ्यांच्या टक्केवारीतून घट सांगणाऱ्यांची टक्केवारी वजा केली असता +२४ हा ‘निव्वळ प्रतिसाद’ मिळतो. युरोपीय सर्वेक्षणांत व भारतीय रिझर्व्ह बँकेच्या औद्योगिक सर्वेक्षणात ही रीत वापरली जाते. दुसऱ्या रीतीत वाढ सांगणाऱ्यांच्या टक्केवारीत ‘तेवढेच’ म्हणणाऱ्यांच्या निम्मी टक्केवारी मिळवतात. वरील उदाहरणात ४२ अधिक २०, म्हणजे ६२. यास विसरण निर्देशांक म्हणतात. येथे ५० ही सीमारेषा असते. त्यावर विस्तार आणि त्याखाली आकुंचन. वस्तुतः दोन्ही रीती एकच गोष्ट सांगतात, कारण निव्वळ प्रतिसादाच्या निम्म्यात ५० मिळविले की दुसरा आकडा येतो.

अमेरिकेच्या वाणिज्य विभागातील थिओडोर टोर्डा यांनी १९८२ मध्ये खरेदी अधिकाऱ्यांच्या उत्तरांवरून एक संयुक्त निर्देशांक सिद्ध करण्यात महत्त्वाचा वाटा उचलला. त्यात नव्या मागण्यांस ३० टक्के, उत्पादनास २५, रोजगारास २०, पुरवठादारांच्या वितरणकाळास १५ आणि साठ्यास १० टक्के भार देण्यात आला. आज वृत्तपत्रांतून ‘पीएमआय’ या नावाने परिचित असलेल्या निर्देशांकाची ही बैठक होय. अमेरिकेतील संस्थेने २००८ पासून पाचही घटकांना समान भार दिला. भारतासह अन्य अनेक देशांच्या निर्देशांकांत मात्र जुने भार कायम आहेत. म्युनिकच्या ‘व्यवसाय वातावरण’ निर्देशांकाची रीत थोडी निराळी आहे. सद्यःस्थिती आणि पुढील सहा महिन्यांच्या अपेक्षा यांच्या निव्वळ प्रतिसादांची गुणोत्तर-सरासरी त्यात काढली जाते. आज जे आहे आणि उद्या जे वाटते, या दोहोंना त्यात सारखेच स्थान आहे.

या सर्व रीतींत एक मर्यादा अंगभूत आहे. बदल किती कारखान्यांत झाला हे त्यांतून कळते. प्रत्येक कारखान्यात तो किती झाला हे कळत नाही. बदलाची व्याप्ती मोजली जाते, खोली नव्हे. पुढील विवेचनात हा भेद पुन्हा उपयोगी पडेल.

६. पद्धतीचा विस्तार

म्युनिकचा आदर्श लवकरच इतरत्र पोहोचला. फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने १९५१ पासून उद्योगांचे असे सर्वेक्षण सुरू केले. ब्रिटनमध्ये उद्योगपतींच्या महासंघाने १९५८ मध्ये औद्योगिक कल सर्वेक्षणाचा आरंभ केला. १९६५ मध्ये संघटनांच्या एकत्रीकरणानंतर नव्या महासंघाने ते पुढे चालविले. जपानच्या मध्यवर्ती बँकेने १९५७ मध्ये सुरू केलेले ‘तान्कान’ हे तिमाही सर्वेक्षण प्रारंभी मोठ्या उद्योगसंस्थांपुरते होते. १९७४ मध्ये ते देशव्यापी करून लहान उद्योगांनाही त्यात स्थान देण्यात आले. युरोपीय आर्थिक समुदायाने नोव्हेंबर १९६१ मध्ये सदस्य देशांची सर्वेक्षणे एका समान साच्यात बसविण्याचा निर्णय घेतला आणि १९६२ पासून उद्योगांचे समन्वित सर्वेक्षण सुरू झाले. १९६६ मध्ये बांधकाम, १९७२ मध्ये ग्राहक, १९८४ मध्ये किरकोळ व्यापार आणि १९९६ मध्ये सेवा क्षेत्र यांची त्यात भर पडली.

या क्रमातून अर्थव्यवस्थेच्या बदलत्या स्वरूपाचे दर्शन घडते. प्रथम केवळ कारखाना महत्त्वाचा मानला गेला. दुकानदार, ग्राहक आणि सेवा देणारा यांचा क्रम नंतर लागला. कोणाला विचारावे हा वरकरणी तांत्रिक प्रश्न. वस्तुतः अर्थव्यवस्था म्हणजे कोण, या प्रश्नाचे प्रत्येक काळाने दिलेले ते उत्तरच होते.

७. सिद्धान्ताची कसोटी

म्युनिकच्या आकडेवारीने अर्थमितिज्ञांना नवे साहित्य पुरविले. मिन्स्क येथे जन्मलेले आणि युद्धानंतर म्युनिकला स्थायिक झालेले संख्याशास्त्रज्ञ ऑस्कर अँडरसन यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी या सर्वेक्षणाचे सैद्धान्तिक प्रारूप मांडले. डच अर्थशास्त्रज्ञ हेन्री थाइल यांनी ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात १९५५ मध्ये म्युनिकच्या अनुभवावर लेख लिहिला आणि १९५८ च्या आपल्या ग्रंथात जर्मनीतील चामडे व पादत्राणे उद्योगाच्या उत्तरांची बारकाईने छाननी केली. उद्योजकाने महिन्यापूर्वी व्यक्त केलेली अपेक्षा आणि नंतर त्यानेच कळविलेली वस्तुस्थिती एकमेकांसमोर ठेवता येणे, हे या साहित्याचे वैशिष्ट्य होते. माणूस काय म्हणाला आणि पुढे काय घडले, याचा असा सलग हिशेब सामाजिक शास्त्रांत विरळाच.

१९६१ मध्ये जॉन म्यूथ यांनी ‘विवेकी अपेक्षां’चा सिद्धान्त मांडला. त्यांच्या निबंधात अपेक्षाविषयक सर्वेक्षणांच्या अनुभवाची दखल आहे. एखाद्या उद्योगातील अपेक्षांची सरासरी बाळबोध अंदाजांपेक्षा अधिक अचूक आणि क्लिष्ट समीकरणांच्या तोडीची असते, असे त्यांनी नमूद केले. मात्र उद्योजकाउद्योजकांत मतभेद पुष्कळ असतात आणि प्रत्यक्ष बदलाचे प्रमाण ते सामान्यतः कमी लेखतात, हेही सांगितले. यातील दुसरा भाग आपल्याकडे वर्गात शिकविताना बहुधा गळून जातो. एकेकट्या व्यापाऱ्याचे मत चुकू शकते, परंतु अनेकांच्या चुका परस्परांना छेदून जातात. मात्र सर्वांची चूक एकाच दिशेची असेल तर सरासरीही त्यांना वाचवू शकत नाही.

१९७५ मध्ये कार्लसन आणि पार्किन यांनी गुणात्मक उत्तरांपासून अपेक्षित चलनवाढीचा अंकात्मक दर काढण्याची रीत सुचविली. प्रत्येक उत्तरकर्त्याच्या मनात एक उंबरठा असतो. त्याहून लहान बदल त्याला जाणवत नाही आणि तो ‘तेवढेच’ असे उत्तर देतो, ही त्यामागील कल्पना होय. ‘ठीक चालले आहे’ या आपल्याकडील उत्तराचे इतके गंभीर विश्लेषण अन्यत्र क्वचितच झाले असेल.

८. भारतातील वाटचाल

भारतात नमुना सर्वेक्षणाची परंपरा मोठी आहे. महालनोबीस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेमार्फत पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. परंतु या पाहण्यांचा रोख लोकांचे उत्पन्न, व्यवसाय व राहणीमान काय आहे हे जाणण्याकडे होता. उद्योजकाला पुढे काय होईल असे वाटते, हा त्यांचा विषय नव्हता. नियोजनप्रधान अर्थव्यवस्थेत उद्दिष्टे नियोजन मंडळ ठरवी आणि उत्पादनक्षमतेला परवाना लागे. उद्योजकाच्या अपेक्षेला तेथे तुलनेने गौण स्थान असणे स्वाभाविक होते.

म्हणूनच राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने आपले तिमाही व्यवसाय अपेक्षा सर्वेक्षण १९९१ मध्ये, म्हणजे आर्थिक उदारीकरणाच्याच वर्षी सुरू करावे, हा योगायोग बोलका आहे. ज्या मोजक्या शहरांत हे सर्वेक्षण होत आले त्यांत मुंबईबरोबर पुण्याचाही समावेश आहे. रिझर्व्ह बँकेने १९९८ मध्ये खाजगी निर्मिती उद्योगांचे तिमाही औद्योगिक सर्वेक्षण सुरू केले. चालू तिमाहीचे मूल्यमापन आणि पुढील तिमाहीची अपेक्षा या दोहोंविषयी त्यात विचारणा होते. त्यावरून तयार होणाऱ्या व्यवसाय अपेक्षा निर्देशांकात १०० ही विस्तार व आकुंचन यांमधील सीमा मानली जाते. २००५ पासून भारताचा खरेदी व्यवस्थापक निर्देशांक दरमहा प्रसिद्ध होऊ लागला. त्याचे पुरस्कर्ते वेळोवेळी बदलले. पद्धत मात्र तीच राहिली. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये खाजगी कंपन्यांच्या भांडवली गुंतवणुकीच्या इराद्यांविषयीचे पाहणीफळ प्रथमच प्रसिद्ध केले. शासकीय सांख्यिकीनेही आता ‘काय झाले’ याच्या जोडीने ‘काय करणार’ हा प्रश्न स्वीकारला, असा याचा अर्थ आहे.

भारतीय परिस्थितीत काही विशेष अडचणी आहेत. दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते. त्यामुळे सणासुदीची मागणी एका महिन्यातून दुसऱ्यात सरकते आणि हंगामी समायोजन अवघड होते. पावसाचा परिणाम ग्रामीण मागणीवर होत असल्याने कारखानदाराची अपेक्षाही जून ते सप्टेंबर आकाशाकडे डोळे लावून बसलेली असते.

९. तीन प्रसंग

या पद्धतीचे मूल्यमापन करण्यासाठी अलीकडील तीन प्रसंगांचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

(अ) ब्रिटन, २०१६ : जून २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने सार्वमताचा कौल लागला. जुलैमध्ये सेवा क्षेत्राचा खरेदी व्यवस्थापक निर्देशांक ४७.४ पर्यंत घसरला. मंदी येऊन ठेपल्याची चर्चा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर पाव टक्क्यावर आणला. परंतु ऑगस्टचा निर्देशांक पुन्हा ५० च्या वर गेला आणि त्या वर्षी मंदी आली नाही. उत्तरकर्त्यांनी धंद्याची स्थिती सांगताना मनातील धक्काही सांगितला होता. दोहोंतील फरक एका महिन्याच्या आकड्यावरून करता येत नाही, हा या प्रसंगाचा धडा आहे.

(आ) भारत, २०१६ : ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या दृष्टीने चलनातील सुमारे ८६ टक्के नोटा त्यामुळे बाद ठरल्या. सेवा क्षेत्राचा निर्देशांक ऑक्टोबरमधील ५४.५ वरून ४६.७ वर आला. परंतु निर्मिती क्षेत्राचा निर्देशांक त्याच महिन्यात ५२.३, म्हणजे विस्तार दर्शविणारा होता. डिसेंबरमध्ये तो ४९.६ झाला. इचलकरंजी, भिवंडी वा मालेगाव येथील यंत्रमागधारक आठवड्याची मजुरी रोखीने देतो. त्याच्या दृष्टीने त्या नोव्हेंबरचे वर्णन ‘सौम्य विस्तार’ असे करणे विपरीतच ठरेल. निर्देशांक खोटा नव्हता. तो ज्या सुमारे चारशे कंपन्यांच्या उत्तरांवर आधारलेला होता, त्यांच्यापुरता तो खराच होता. बँकेमार्फत व्यवहार करणाऱ्या कंपनीला बसलेला धक्का आणि रोखीवर चालणाऱ्या शेडला बसलेला धक्का यांत अंतर होते, आणि दुसऱ्याला कोणी विचारलेच नव्हते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७३ व्या फेरीनुसार २०१५-१६ मध्ये देशात बिगरशेती असंघटित उद्योगांची संख्या सुमारे ६.३४ कोटी होती आणि त्यांत सुमारे ११ कोटी लोक काम करीत होते. चारशे कंपन्यांच्या उत्तरांवर विसंबताना ही संख्या नजरेआड होऊ देता कामा नये.

(इ) भारत, २०२० : मार्चअखेरीस टाळेबंदी लागू झाली. एप्रिलचे निर्देशांक मेच्या पहिल्या आठवड्यात प्रसिद्ध झाले. निर्मिती क्षेत्र २७.४ आणि सेवा क्षेत्र केवळ ५.४. क्षेत्रीय पाहणीच थांबल्याने त्या काळात अधिकृत आकडेवारी गोळा करणे दुरापास्त झाले होते, आणि एप्रिलच्या औद्योगिक उत्पादन निर्देशांकाची पूर्वीच्या महिन्यांशी तुलना करू नये, असे शासनालाच सुचवावे लागले. एप्रिल ते जून तिमाहीत स्थूल देशांतर्गत उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज ३१ ऑगस्टला आला. सर्वेक्षणाने ही घसरण जवळजवळ चार महिने आधी दाखविली होती. १९४९ च्या म्युनिकप्रमाणेच येथेही आकडेवारीच्या दुष्काळात हीच पद्धत कामी आली.

तथापि ५.४ या आकड्याचा अर्थ सेवा क्षेत्राचे केवळ ५.४ टक्के काम उरले, असा मुळीच नव्हे. वर सांगितलेल्या सूत्रानुसार त्याचा ढोबळ अर्थ इतकाच की, किमान ८९ टक्के उत्तरांत घट नोंदविलेली होती. ती घट दहा टक्क्यांची होती की नव्वद, हे निर्देशांक सांगत नाही. तसेच पुरवठादारांकडून माल उशिरा येणे हे एरवी वाढत्या मागणीचे लक्षण समजले जाते. परंतु महासाथीच्या काळात रस्ते व बंदरे अडल्यामुळे माल उशिरा येत होता आणि सूत्र त्यास तेजीचे चिन्ह समजत होते. अनेक देशांच्या निर्मिती निर्देशांकांत त्या काळी हा विपर्यास झाला. सूत्र नेहमीच्या काळासाठी बनविलेले असते. असाधारण काळात ते जपून वाचावे लागते.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) व्यवसाय सर्वेक्षणांचा इतिहास हा अपेक्षा उंचावत जाण्याचा नसून त्या माफक करण्याचा इतिहास आहे. हार्वर्डच्या वक्ररेषांनी पुढचे वळण सांगण्याचा दावा केला. वाहतूकदारांनी पुढच्या तिमाहीचा आकडा दिला. दोन्ही फसले. ‘गेल्या महिन्यापेक्षा जास्त की कमी’ हा साधा प्रश्न टिकला.

(२) या पद्धतीचे प्रमुख योगदान भविष्यकथन नसून वर्तमानाचे लवकर झालेले आकलन हे आहे. २०२० चा अनुभव याची साक्ष देतो.

(३) निर्देशांक बदलाची व्याप्ती दाखवितो, खोली नव्हे. तसेच भावनिक धक्का आणि प्रत्यक्ष घट यांची त्यात सरमिसळ होऊ शकते. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावरून निर्णय घेणे धोक्याचे आहे.

(४) सर्वेक्षणाचे यश प्रश्नकर्ता व उत्तरकर्ता यांच्यातील विश्वासावर आणि गोपनीयतेवर अवलंबून असते. माहिती देणाऱ्याला त्या बदल्यात उपयुक्त माहिती परत मिळाली पाहिजे.

(५) भारतातील प्रचलित सर्वेक्षणांत असंघटित उद्योगांचा आवाज अत्यल्प आहे. २०१६ मध्ये ही उणीव ठळकपणे दिसून आली.

शेवटच्या निष्कर्षाच्या अनुषंगाने एक सूचना करावीशी वाटते. असंघटित उद्योगांच्या वार्षिक पाहण्या शासनामार्फत होत असल्या तरी त्यांचा भर उद्योगांची संख्या, रोजगार व उत्पन्न यांवर असतो. पुढील तीन महिन्यांच्या अपेक्षेवर नव्हे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालये यंत्रमाग, साखर, हातमाग, बेदाणा, काजू प्रक्रिया अशा उद्योगांच्या परिसरात आहेत. अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी आपल्या परिसरातील पन्नास-साठ लहान उद्योजकांना दर तीन महिन्यांनी, त्याच तीन प्रश्नांच्या आधारे विचारणा करावी आणि एकत्रित निष्कर्ष त्यांना मराठीतून परत द्यावेत, हे काम अवाक्याबाहेरचे नाही. निवड यादृच्छिक नसेल तर त्यावरून राज्याचे चित्र रेखाटता येणार नाही, हे मान्य करावे लागेल. पहिली दोन-तीन वर्षे तुलनेला आधारही नसेल. परंतु म्युनिकची मालिकाही पहिल्या महिन्यात एकच बिंदू होती. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी दरवर्षी नवा विषय देण्याऐवजी एकच प्रश्न वर्षानुवर्षे विचारण्याची शिस्त आपण लावून घेतली, तर पुढील धक्क्याच्या वेळी निदान त्या तालुक्यापुरते, ज्यांना कोणी विचारले नाही त्यांचे उत्तर नोंदलेले असेल.